लांडगा आला रे आला!

मेंढपाळाच्या त्या खोडकर पोराची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. "लांडगा आला रे आला!" म्हणून त्याने गावाला फसवलं आणि खरोखरच लांडगा आला तेव्हा कोणी धावलं नाही. त्या गोष्टीत लांडगा येणं म्हणजे संकट. पण दोस्तांनो, जगात एक बेट असं आहे, की जिथे लांडगा कधी येतोय याची लोक डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होते. तो येईना, तेव्हा त्याला आणायचं की नाही यावर मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडली. आणि शेवटी लांडगे आले ते विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून! आहे की नाही गंमत?

या बेटाचं नाव आइल रॉयल. तिथले मूळचे ओजिब्वे लोक त्याला मिनाँग म्हणतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर नावाचं सरोवर आहे. सरोवर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रंकाळा किंवा लोणार आलं असेल, तर ते विसरा. सुपीरियरचा विस्तार आहे ८२ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही जास्त! क्षेत्रफळाने हे जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. त्यात हे ७२ किलोमीटर लांब आणि फार तर १४ किलोमीटर रुंद असं बेट, आणि त्याच्या भोवती चारशेहून अधिक लहान लहान बेटं. हे सगळं मिळून १९४० साली राष्ट्रीय उद्यान झालं.

मी नोकरीच्या निमित्ताने डेट्रॉइटजवळ राहतो. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या बहिणीची दोन्ही मुलं पुण्याहून माझ्याकडे आली. मोठी नववीत, तिला घरात सगळेच ताई म्हणतात. धाकटा सातवीत. त्याला सगळे छोटू म्हणतात आणि ते त्याला आता मुळीच आवडत नाही. मामाच्या गावाला आलेल्या मुलांना न्यायचं कुठे? मोठाली दुकानं, उंच इमारती दोन दिवसांत बघून झाल्या. मग म्हटलं, चला, जिथे मोटार नाही, सायकलसुद्धा नाही आणि मोबाइलही चालत नाही अशा ठिकाणी जाऊ.

"मोबाइल नाही?" छोटूचा चेहरा एवढासा झाला.

जूनचा पहिला आठवडा. मोटारीने साडेनऊशे किलोमीटर उत्तरेला गेलो, तेव्हा कुठे कॉपर हार्बर हे धक्क्याचं गाव आलं. तिथून बोटीने आणखी तीन-साडेतीन तास. थोड्याच वेळात मागचा किनारा दिसेनासा झाला. पुढे पाणी, मागे पाणी, वर धुकं. जून महिना असूनही आम्ही स्वेटर, कानटोप्या चढवून बसलो होतो. या पाण्यात हात बुडवलात तर मिनिटभरात हाडं ठणकायला लागतात.

बोट बेटाला लागली आणि धक्क्यावरच एका रेंजरबाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं. कचरा टाकायचा नाही, परत न्यायचा. पाणी उकळून किंवा गाळणीतून गाळूनच प्यायचं, कारण प्राण्यांमुळे त्यात एका कृमीची अंडी असू शकतात. प्राण्यांना खायला घालायचं नाही. आणि कुत्रा? कुत्रा बेटावर तर नाहीच, पण बेटाच्या किनाऱ्यापासून ७ किलोमीटरपर्यंत बोटीतसुद्धा आणायचा नाही!

"एवढं काय कुत्र्याचं?" छोटूने मला हळूच विचारलं. त्याचं उत्तर पुढे मिळालंच, आणि ते ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

पहिली रात्र धक्क्याजवळच्या तळावर काढली. तिथे तीन बाजूंना लाकडी भिंती आणि समोर डासांची जाळी असलेल्या खोल्या आहेत. डासांबद्दल काय सांगावं! आपल्या डासांची ही मोठी भावंडं. पावणेदहाला कुठे सूर्य मावळला. छोट्याशा स्टोव्हवर मेतकूट-भात झाला, आणि रेंजरबाईंनी बजावल्याप्रमाणे बूट आत घेतले. इथल्या कोल्ह्यांना बूट पळवायची खोड आहे! आमच्या शेजारच्या पाहुण्यांना ती थट्टा वाटली. सकाळी ते गृहस्थ एका पायात सँडल घालून झाडाझुडपांत दुसरी शोधत होते.

रात्री मध्येच दूरवरून लांबलचक, रडवेली हाक आली. "ऊऽऽऽ..." छोटू टुणकन उठून बसला. "मामा, लांडगा!" तो लांडगा नव्हता. तो होता लून नावाचा पाणपक्षी. सरोवराच्या एका टोकाला एकाने हाक घातली, की दुसरा लांबून ओ देतो. पुढच्या चार दिवसांत आम्हाला ती हाक इतकी आवडायला लागली, की ऐकल्याशिवाय झोप येईना.

आता या बेटाची खरी गंमत ऐका. समोरच्या किनाऱ्यावर अस्वलं आहेत, रकून आहेत, पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. बेटावर यांतलं एकही नाही! कारण इथे यायचं तर एक तर पोहता यायला हवं, नाही तर उडता. किंवा तिसरा रस्ता म्हणजे कडाक्याच्या हिवाळ्यात सरोवर गोठलं, तर बर्फावरून चालत. सर्वांत जवळचा किनारा कॅनडाचा. तोही २० किलोमीटरच्या वर. त्यामुळे इथे प्राण्यांच्या जाती मोजक्याच. कोल्हा, बीव्हर, ससा, खार, आणि दोन मुख्य पात्रं : मूस आणि लांडगा.

मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. नराचं वजन चारशे-साडेचारशे किलो, खांद्यापर्यंतची उंची उंच माणसाएवढी. तोंड लांबोडकं, नाक फुगीर, गळ्याखाली लोंबती पिशवी, आणि पाय इतके उंच की काठ्यांवर चालणाऱ्या डोंबाऱ्याची आठवण व्हावी.

आमची आणि त्याची गाठ दुसऱ्याच दिवशी पडली. पाठीवर पिशव्या घेऊन आम्ही किनाऱ्यालगतच्या पायवाटेने पुढच्या तळाकडे निघालो होतो. ताई पुढे होती. ती एकदम थबकली आणि तिने मागे न बघताच हात वर केला. वाटेवर, पंचवीस-तीस पावलांवर मूसची मादी उभी होती. तिच्या पायांत तपकिरी रंगाचं, लटपटत्या पायांचं पिल्लू. फार तर आठ-दहा दिवसांचं असेल.

पिल्लू गोड होतं, पण आईचं लक्ष आमच्यावर होतं. तिने कान मागे पाडले आणि मानेवरचे केस उभे राहिले. याचा अर्थ धक्क्यावरच सांगितला होता : ती चिडली आहे, मोठ्या झाडाच्या मागे व्हा. आम्ही एक एक पाऊल मागे सरकलो आणि एका जाड बुंध्याआड तिघेही चिकटून उभे राहिलो. छोटूच्या छातीची धडधड मला माझ्या हाताला जाणवत होती. दहा मिनिटं झाली. वीस झाली. डास चावत होते, पण हात उचलायची सोय नव्हती. चाळीस मिनिटांनी बाईसाहेब पिल्लाला घेऊन पाण्यात उतरल्या. मान पाण्याखाली घालून त्यांनी एक वेलीचा गुंताडा बाहेर काढला आणि शांतपणे चघळायला लागल्या. पाणवनस्पतींतून मूसला मीठ मिळतं, म्हणून उन्हाळ्यात तो पाण्यात डुंबताना दिसतो.

"चाळीस मिनिटं आपण एकही शब्द बोललो नाही," ताई म्हणाली. छोटू म्हणाला, "मी तर श्वाससुद्धा घेतला नाही." हे मात्र खोटं, बरं का!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मूस बेटावर आले. बहुधा पोहतच. इथे खायला भरपूर आणि शत्रू कोणी नाही. मग काय, संख्या वाढतच गेली. इतकी, की बेटावरचा पालाच पुरेना आणि १९३० च्या दशकात मूस उपाशी मरायला लागले. पुढे १९४० चं दशक संपता संपता एका हिवाळ्यात सरोवर गोठलं आणि त्या बर्फावरून कॅनडाच्या बाजूने काही लांडगे चालत आले. लांडगा आला रे आला! तेव्हापासून या दोघांचा खेळ सुरू झाला.

हा खेळ माणसाने मन लावून पाहिला आहे. १९५८ साली ड्युरवर्ड अ‍ॅलन या प्राध्यापकांनी इथे अभ्यास सुरू केला. शिकारी प्राणी आणि त्याचं भक्ष्य यांचा एकाच जागी इतकी वर्षं चाललेला दुसरा अभ्यास जगात नाही. रॉल्फ पीटरसन यांनी १९७० च्या दशकापासून आपलं आयुष्यच त्यात घातलं. हिवाळ्यात उद्यान पाहुण्यांना पूर्ण बंद असतं. तेव्हा संशोधक बर्फावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून लांडगे आणि मूस मोजतात. उन्हाळ्यात काय करतात ठाऊक आहे? हाडं गोळा करतात!

ती हाडं आम्ही पाहिली. छोट्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर गेलं, की संशोधकांची एक जुनी केबिन आहे. तिच्या अंगणात मूसच्या कवट्या आणि शिंगं मांडून ठेवली आहेत. छोटूला आधी जरा कसंसंच झालं. पण ही हाडं म्हणजे पुस्तकं आहेत. दातांवरून वय कळतं. सांध्यांवरून आजार कळतो. लांडगे दिसेल तो मूस मारत नाहीत. तरण्याताठ्या मूसची एक लाथ लांडग्याची बरगडी मोडायला पुरेशी आहे. म्हणून त्यांची शिकार होतात ती पिल्लं, नाही तर म्हातारे आणि आजारी. म्हाताऱ्या मूसना आपल्या आजीसारखा संधिवात होतो, त्यांना पळता येत नाही.

आणि या हाडांतून एक फार मोठी गोष्ट कळली. ज्या मूसना लहानपणी पोटभर खायला मिळालं नव्हतं, त्यांना पुढे संधिवात जास्त झाला! म्हणजे मूस वाढले, की पाला कमी. पाला कमी, की पिल्लं उपाशी. आणि त्या उपासाची खूण दहा-बारा वर्षांनी सांध्यात उमटते. लहानपणच्या खाण्याची गोष्ट हाडं विसरत नाहीत. (दूध प्यायला कंटाळा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

तिसऱ्या दिवशी आम्ही माउंट फ्रँकलिन नावाच्या टेकडीवर चढलो. वर खडक उघडे आहेत. समोर निळंभोर सरोवर आणि त्यापलीकडे कॅनडाचे डोंगर. पोळी-चटणी सोडून बसलो आणि मी मुलांना पुढची गोष्ट सांगितली.

१९८० साली बेटावर ५० लांडगे होते. दोनच वर्षांत उरले १४. का? पार्व्हो नावाचा कुत्र्यांचा विषाणू बेटावर पोहोचला. नियम मोडून कोणीतरी आणलेल्या कुत्र्याबरोबर तो आला, असं संशोधक मानतात. एक कुत्रा! छोटूला धक्क्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

लांडगे कमी झाले, मूस वाढले. १९९५ साली ते सुमारे २,४०० झाले आणि १९९६ च्या भयंकर हिवाळ्यात उपासमारीने, गोचिडांनी पटापट मेले. इकडे लांडग्यांची वेगळीच अडचण. सगळे एकमेकांचे नातलग. जवळच्या नात्यातच पिल्लं होत गेली, की पिढ्या दुबळ्या होतात. लांडग्यांच्या मणक्यांत जन्मतःच दोष दिसायला लागले. १९९७ साली एक धिप्पाड नर एकटाच बर्फावरून चालत आला. नवं रक्त आलं आणि काही वर्षं बरी गेली. पण पुढे सगळे त्याचेच नातू-पणतू! पुन्हा तेच. २०१२ साली तर तीन लांडगे तांब्याच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात बुडून मेलेले सापडले. आणि २०१६ साली अख्ख्या बेटावर लांडगे उरले फक्त दोन. बाप आणि लेक.

"मग नवीन का नाही आले बर्फावरून?" ताईने विचारलं.

कारण बर्फच होईना. पूर्वी बहुतेक हिवाळ्यांत कॅनडापर्यंत बर्फाचा पूल तयार व्हायचा. हवा तापत चालली तसा तो क्वचितच व्हायला लागला. रस्ताच बंद!

आता मोठ्यांची भांडणं सुरू झाली. काही म्हणाले, हे राखीव रान आहे, इथे माणसाने हात घालायचा नाही. लांडगे संपले तर संपले. दुसरे म्हणाले, लांडगे संपले तर मूस जंगल खाऊन टाकतील. शेवटी २०१८ साली उद्यानाने ठरवलं : आणायचे. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मिनेसोटा, मिशिगन आणि कॅनडातून १९ लांडगे आणून सोडले. त्यांतले काही कॅनडातल्या मिशिपिकोटेन बेटावरचे होते. तिथलं भक्ष्य संपवून ते स्वतःच उपाशी मरायला आले होते!

माझं बोलणं संपायच्या आत दोघांची जुंपली.

"आणलेच पाहिजेत," ताई म्हणाली. "कुत्रा कोणी आणला? माणसाने. खाणीचा खड्डा कोणी खणला? माणसाने. बर्फ कोणामुळे होत नाही? आपण आधीच हात घातलाय. आता 'आम्ही हात घालत नाही' म्हणणं म्हणजे साळसूदपणा झाला."

"पण लांडग्यांना कोणी विचारलं का?" छोटू म्हणाला. "त्यांना गुंगीचं औषध देऊन, पिंजऱ्यात घालून नेलं. जाग आली तर सगळीकडे पाणी. आणि मूस उपाशी मेले काय आणि लांडग्याने खाल्ले काय, मरतातच ना?"

"सगळेच उपाशी मेले तर?"

"आणि परत तीस वर्षांनी सगळे नातलग झाले तर? परत विमान? मग हे जंगल कसलं, ही तर बाग झाली!"

मी गप्प बसलो. खरं सांगू? माझं मन ताईच्या बाजूचं आहे. आम्ही चढून आलो त्या वाटेवर फरची हातभर उंचीची झाडं होती, शेंडे खुडून खुडून खुरटलेली. फर हे मूसचं हिवाळ्यातलं खाणं. मूस कमी झाले नाहीत, तर ती झाडं कधी उंच होणारच नाहीत. पण छोटूच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग त्यांना आणखी एक खरी गोष्ट सांगितली. मिनेसोटाहून आणलेल्या लांडग्यांपैकी एका मादीला बेट काही मानवलं नाही. २०१९ च्या जानेवारीअखेर कडाक्याची थंडी पडली, बर्फाचा पूल झाला, आणि ही बाई सरळ त्यावरून चालत आपल्या मुलखात निघून गेली! तिच्या गळ्यातल्या यंत्रामुळे ते कळलं.

"बघ!" छोटू ओरडला. "तिने मत दिलं!"

"पण बाकीचे राहिले ना!" ताई म्हणाली.

आणलेल्यांतले काही लवकरच मेले, हेही खरं. पण जे राहिले त्यांनी टोळ्या केल्या, त्यांना पिल्लं झाली. २०१९ साली बेटावर सुमारे २,०६० मूस होते. २०२४ च्या मोजणीत मूस भरले सुमारे ८४० आणि लांडगे ३०.

या तीसांतला एक तरी आम्हाला दिसला का? नाही. इथे येणाऱ्या बहुतेकांना तो दिसत नाहीच. पण शेवटच्या सकाळी परतीच्या वाटेवर, रात्रीच्या पावसाने भिजलेल्या चिखलात एक पाऊल उमटलेलं होतं. चार बोटं, पुढे नखांच्या खुणा. छोटूने आपला पंजा त्याच्या शेजारी ठेवून पाहिला. कुत्र्याचं? पण बेटावर कुत्रा नसतोच. म्हणजे...

दोघंही काही बोलली नाहीत. थोडं पुढे वाटेवरच वाळलेली विष्ठा पडली होती. तिच्यात राठ, तपकिरी केस आणि हाडाचे बारीक तुकडे होते. छोटूने ते केस काडीने हलवून पाहिले. "पिल्लाचे असतील का रे मामा?" त्याने विचारलं. त्याला ते लटपटत्या पायांचं पिल्लू आठवलं असणार. मी म्हटलं, "असतीलही. इतकी पिल्लं असतात." त्यावर तो म्हणाला, "मग लांडग्याच्या पिल्लांनी काय खायचं, हाही प्रश्नच आहे."

दोस्तांनो, मुलं आता पुण्याला आहेत. दर रविवारी फोन येतो आणि वाद पुढे सुरू होतो. मध्यंतरी ताईने शोधून काढलं, की लांडगे बघायला इतक्या लांब जायला नको. पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर आपले लांडगे आहेत, अंगाने लहान पण चिवट. धनगरांच्या मेंढ्यांवर जगतात, माळ नांगरला गेला की जागा गमावतात आणि गावच्या कुत्र्यांचे रोग त्यांनाही लागतात. "इथे तर बेटसुद्धा नाही," छोटू म्हणाला. "भोवती सगळी माणसंच. मग हात घालायचा नाही म्हणजे नक्की काय करायचं?"

ताईच्या मते मेंढी गेलेल्या धनगराला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. छोटूच्या मते आधी कुत्र्यांना लसी टोचा. पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांचं म्हणणं खोडून काढलं नाही. तुम्ही ताईच्या बाजूचे की छोटूच्या? आज रात्री जेवताना आई-बाबांशी भांडून बघा.